दोन गाड्यांपुरती जागा

गेल्या दिवाळीत पेडणेकर काकांनी मला विकतच्या चकल्यांच्या पुड्याबरोबर एक छोटं पाकीट दिलं. उघडून बघितलं तर आत एका लाल गाडीचे पासपोर्ट साइझ फोटो. आठ कॉपी. मागे फिकट निळा पडदा, गाडी नाकासमोर बघतेय, दिवे दोन्ही उघडे.

"दोन्ही कान दिसतायत," काका म्हणाले. कान म्हणजे आरसे. "कुठेही लावा, रिजेक्ट होणार नाही."

ही गाडी खरी नव्हती. ती काकांच्या टीव्हीला जोडलेल्या शर्यतीच्या गेममधली होती. स्वतः काकांनी आयुष्यात सायकलच्या वरचं वाहन घेतलेलं नाही, आणि ती सायकलही कल्याणला स्टेशनबाहेरून चोरीला गेली. पण त्या गाडीचं त्यांनी इतक्या प्रेमाने कटिंग केलं होतं, चारी बाजूंना पांढरी किनार सोडून, की मला हसता येईना. मी पाकीट पर्समध्ये टाकलं आणि "छान आलाय हो" म्हटलं. एखाद्याच्या मुलीचा फोटो बघून म्हणतात तसं.

काका आमच्या समोरच्या दारात राहतात. डोंबिवली पूर्वेला, तिसरा मजला, लिफ्ट असून नसल्यासारखी. वय एकाहत्तर. विठ्ठलवाडी स्टेशनबाहेर अडतीस वर्षं त्यांचा फोटो स्टुडिओ होता. "लोकांच्या खिशात स्टुडिओ गेला, म्हणून मी घरी आलो," एवढ्या एका वाक्यात ते त्याचा शेवट सांगतात. काकूंना जाऊन सहा वर्षं झाली. मुलगा निखिल कॅनडात. मी शाळेत इंग्रजी शिकवते, म्हणून काका मला टीचर म्हणतात. मी पन्नाशीला आलेय आणि जिभेला हाड नाही असं माझे विद्यार्थी माझ्या मागे म्हणतात, ते खरं आहे.

काकांना गेम खेळताना बघणं ही एक करमणूक होती. शर्यत सुटते, अकरा गाड्या धूळ उडवत निघून जातात, आणि काका दोनशे मीटरवर रस्त्याच्या कडेला घेऊन गाडी थांबवतात.

"काय झालं?"

"लाइट बघा, टीचर. लाइट!"

त्या गेममध्ये एक बटण दाबलं की सगळं जग जागच्या जागी थांबतं आणि आपण कॅमेरा घेऊन गाडीभोवती फिरू शकतो. धूळ हवेत थांबते, पक्षी आकाशात थांबतात. काका म्हणायचे, "अख्ख्या धंद्यात मला एक गोष्ट मिळाली नाही, न हलणारं गिऱ्हाईक. ते ह्या वयात मिळालं." मग ते त्या गिऱ्हाइकाला सूचना द्यायचे. "जरा डावा खांदा पुढे. हनुवटी खाली. हां, हलू नका." जे हलूच शकत नाही त्याला. फोटो निघाला की, "अजून एक घेतो, रिस्क नको." तोवर पडद्यावर येऊन जायचं, बारापैकी बारावा नंबर.

"बारावा तर बारावा. त्या अकरांकडे फोटो आहे का?"

हा गेम, कन्सोल म्हणतात त्या डब्यासकट, निखिलने घरी आणला होता. जाताना तो इथेच ठेवला, बापाला बटणं शिकवली आणि तिकडे पोचल्यावर स्वतःसाठी दुसरा घेतला. तिकडची शनिवारची रात्र म्हणजे आपली रविवारची सकाळ. आठ वाजता काका आंघोळ करून, इस्त्रीचा शर्ट घालून टीव्हीसमोर बसायचे. कानाला हेडफोन. पडद्यावर लाल गाडी काकांची, निळी निखिलची. दोघं शर्यत सोडून कुठल्यातरी डोंगरातल्या रस्त्याने शेजारी शेजारी चालवत राहायचे आणि बोलायचे.

एरवी हा मुलगा फोनवर "हो, नाही, जेवलो" करून दोन मिनिटांत संपतो. मी ऐकलंय. पण गाडी हातात असली की तासभर बोलायचा, काका नंतर मला सगळं सांगायचे. नोकरीतली कटकट, बर्फ, बायकोशी झालेलं भांडण, आईच्या हातची आंबोळी. समोर रस्ता बघायचा असला की एकमेकांच्या तोंडाकडे बघावं लागत नाही, त्यामुळे बरं पडत असावं. काका मध्येच म्हणायचे, "थांब रे, लाइट चांगला आहे," आणि दोन गाड्यांचा एक फोटो काढायचे. असे दोन आल्बम भरलेत.

मग निखिलला मुलगी झाली. रविवार चुकायला लागले. आधी एक, मग महिन्यातले तीन. शेवटी एकदा तो म्हणाला, "बाबा, आता हा गेम जुना झाला. नवीन येतोय ना, तो आला की परत सुरू करू." त्याने सहज म्हटलं असणार. काकांनी मात्र ते तारीख दिल्यासारखं धरून ठेवलं.

तेव्हापासून ते एकटे चालवतात आणि फोटो काढतात. ह्या फोटोंत गाडी नेहमी एका कडेला आणि बाकीची अर्धी चौकट रिकामी. मी आपलं शहाणपण केलं, "काका, गाडी मधोमध घ्या ना." त्यावर त्यांनी मला धंद्यातली रीत सांगितली. विठ्ठलवाडी, उल्हासनगर भागातले पुष्कळ पुरुष तेव्हा आखातात नोकरीला. घरात लग्न-बारसं निघालं की कुटुंब फोटोला यायचं आणि सांगायचं, आमचे हे मस्कतला आहेत. मग काका त्या बाईच्या शेजारी एका माणसाची जागा सोडून फोटो घ्यायचे. माणूस सुट्टीवर आला की त्याला त्याच पडद्यापुढे, त्याच उजेडात उभा करायचे आणि कापून तिथे बसवायचे. सांधा दिसायचा नाही.

"जागा आधी सोडावी लागते, टीचर. मागनं करता येत नाही."

मला त्या रिकाम्या अर्ध्या चौकटीकडे बघवेना.

तर नवीन गेम. तो यायला अजून अवकाश होता, पण त्याबद्दल रोज काही ना काही छापून येत होतं आणि सगळं इंग्रजीत. काका ते मोबाइलवर शोधायचे, जाहिरातींसकट रंगीत प्रिंट काढायचे आणि रविवारी सकाळी आठला मला हाक मारायचे. "टीचर, जरा वाचून दाखवा." निखिलने रिकामा केलेला तास असा माझ्या वाट्याला आला.

पहिले काही रविवार मी इमानदारीत वाचलं. ओल्या रस्त्यावर गाडीचं प्रतिबिंब पडणार. चारही ऋतू येणार. फोटो काढताना ड्रायव्हरला गाडीतून उतरवून शेजारी उभं करता येणार. एका फोटोत दोन खेळाडू घेता येणार. हे ऐकून काकांनी मला तीनदा वाचायला लावलं. "दोघं? उभे? चेहरे दिसतील?" "दिसतील." "हसवता येईल?" "हसवता येईल असं लिहिलंय." त्यांनी वहीत लिहून घेतलं आणि खाली रेघ मारली.

पण पुढची पानंच्या पानं इंजिनांवर आणि टायरच्या पकडीवर होती. मला त्यातलं ओ की ठो कळत नव्हतं. चाळीस मुलांना कॉपी करताना पकडणारी बाई मी, रविवारची पदरचं घालायला लागले. टायरच्या परिच्छेदाला मी म्हणायची, "गाडीवर पक्षी बसला तर तोही फोटोत येणार." काका खूश. गिअरबॉक्सच्या पानावर मी चहाची टपरी उघडली. "टपरी? बघा, ह्याला म्हणतात डिटेल!" मला मजा वाटायला लागली. खोटं सांगण्यात एवढी मजा असते हे मला मुलांनी कधी सांगितलं नव्हतं.

फेब्रुवारीतला एक रविवार होता. निखिलचा तीन आठवडे फोन नव्हता. काका दाढी न करता बसले होते. प्रिंट समोर होती, पण वाचायला सांगेनात. मी आपणहून उचलली आणि थट्टा म्हणा, दया म्हणा, माझ्या तोंडून निघून गेलं, "अय्या, काका! ह्यात आपला दुर्गाडीचा पूल घेतलाय."

काका उभे राहिले.

"आपला? कल्याणचा?"

"खाडीसकट," मी म्हटलं. तिथे थांबायला हवं होतं. मी नाही थांबले. "जगभरातले पूल निवडलेत म्हणे."

त्या पुलावर काकांनी निखिलला सायकल शिकवली होती, ते मला त्यानंतर कळलं. मागे सीट धरून पळायचे. पहाटे, ट्रक सुरू व्हायच्या आत.

त्याच दिवशी त्यांनी निखिलला भलामोठा मेसेज पाठवला. उत्तरात अंगठा आला. काकांना अंगठा पुरला. पुढच्या रविवारी ते दारात हजर. हातात फुगलेलं पाकीट. मधल्या एका सकाळी साडेसहाला रिक्षा करून दुर्गाडीला गेले होते, जुना कॅमेरा घेऊन. पुलाचे छत्तीस फोटो. उंचीचा अंदाज यावा म्हणून प्रत्येक फोटोत रिक्षावाल्याला उभा केलेला. बिचारा प्रत्येक फोटोत जास्त वैतागलेला दिसत होता.

"कंपनीला पाठवायचेत. परदेशातली माणसं, त्यांना काय ठाऊक आपला पूल? चुकीचा काढतील. तुम्ही इंग्रजीत पत्र लिहा."

मला तेव्हाच सांगता आलं असतं. मी कागद घेतला आणि लिहायला लागले. रिस्पेक्टेड सर. काका सांगत होते, मी भाषांतर करत होते, आणि तेव्हा मात्र एक शब्द इकडचा तिकडे केला नाही. सकाळचा उजेड दुर्गाडी किल्ल्याच्या बाजूने येतो. पाणी हिरवं दाखवू नका, ते तसं नाही. कठड्याला लागून गाडी उभी करायला जागा ठेवा.

"एका गाडीची?" मी विचारलं.

"दोन. दोन लिहा. आणि खाली विनंती लिहा."

शाळेजवळच्या पोस्टातून टाकते म्हणून मी ते पाकीट घेतलं. टाकायचं कुठे? पत्ताच नव्हता. ते माझ्या कपाटात साड्यांखाली गेलं. दर रविवारी काका विचारायचे, "पोचलं असेल ना?" आणि मी म्हणायची, "परदेशी टपाल, वेळ लागतो." झोपेतसुद्धा मला तो रिक्षावाला दिसायचा.

मग कंपनीने गेमचा पूर्ण नकाशा जाहीर केला. मला ते ठाऊक नव्हतं. रविवारी मी काकांकडे बसले होते, नवीन प्रिंट हातात, आणि फोन वाजला. निखिल. काकांना ऐकू कमी येतं, त्यामुळे त्यांचा फोन कायम स्पीकरवर.

"बाबा, अरे ते पुलाचं तुम्हाला कोणी सांगितलं? मी आत्ता मॅप बघितला. कल्याण-बिल्याण काही नाहीये त्यात. इंडियाच नाहीये."

काकांनी माझ्याकडे बघितलं. फार वेळ नाही, पण बघितलं. मग फोनकडे वाकून म्हणाले,

"असं होय? अरे, माझं इंग्रजी ते काय! मीच कायतरी चुकीचं वाचलेलं."

"टीचर वाचून दाखवतात ना?"

"त्या नसताना वाचलेलं रे. चष्मा पण बदलायला झालाय."

निखिल हसला. मग थोडं थांबून म्हणाला, "आणि बाबा, एक सांगायचं राहिलेलं. मी तो कन्सोल देऊन टाकला. घर शिफ्ट केलं ना, तेव्हाच. वेळच होत नाही, आणि पिल्लू सगळं ओढतं."

"देऊन टाकलास?"

"हो. ऑगस्टमध्येच."

ऑगस्ट. म्हणजे दिवाळीत माझ्या पर्समध्ये ते आठ फोटो आले त्याच्याही आधी.

"बरं केलंस," काका म्हणाले. "जागा अडते. पिल्लू काय करतंय?"

पिल्लू झोपलं होतं. आणखी मिनिटभर बोलणं झालं. जेवलास का, थंडी आहे का. फोन बंद झाला. काकांनी तो टेबलावर उपडा ठेवला. खालून भंगारवाल्याची आरोळी येत होती.

"काका, ते पुलाचं मी..."

"चहा टाकतो," म्हणत ते उठले. आत जाऊन आले तेव्हा हातात चहा नव्हता. गॅस लावायचाच राहिला होता, ते त्यांच्या लक्षातही आलं नाही. माझ्यासमोर बसले.

"टीचर, एक बघून सांगा. त्या कागदात सगळीकडे मित्रांसोबत, मित्रांसोबत असं लिहिलेलं असतं. माझ्यापुरतं इंग्रजी मलाही कळतं. एकट्या माणसाला घेतात का त्यात?"

मी कागद पहिल्या ओळीपासून वाचला. मनात, अक्षर न् अक्षर, टायर आणि गिअरबॉक्ससकट. दोघांनी काय करावं ते होतं, बारा जणांनी काय करावं ते होतं. एकट्याबद्दल कोणी काही लिहिलं नव्हतं. लिहिण्यासारखं त्यात काय आहे? एकट्याला कुठलाही गेम खेळता येतो, एवढं मलाही ठाऊक होतं.

"घेतात, काका," मी म्हटलं.

"वाचून सांगताय ना?"

आवाजात राग नव्हता. मी कागदावरून मान वर केली नाही.

"हो," मी म्हटलं. "वाचून सांगतेय."