तात्यांचा पाण्यातला कळप

संध्याकाळी दिवा लागला की शेजारचे तात्या खांद्यावर काठी आडवी टाकून काचेच्या टाकीपुढं उभे राहायचे आणि मासे मोजायचे. एखादा झाडामागं दडला की "काळी कुठं गेली रं?" म्हणत काठी जमिनीवर आपटायचे. काळी म्हणजे काळी मोली जातीची मासोळी. ती टाकीतून निघून उमरग्याच्या हायवेला लागेल असं त्यांना का वाटायचं, याचं मला भारी कुतूहल होतं.

तात्यांची हयात मेंढरांमागं गेली. गुडघ्यांनी दगा दिला तसा कळप विकला. करमत नाही म्हणून पुण्याच्या मुलानं टाकी आणून दिली, तर तात्यांनी तिचाही कळप केला. फिल्टरला ते 'कुत्रं' म्हणायचे, कारण ते सारखं गुरगुरत राखण करायचं. मुलगा पुण्याला चला म्हणून मागं लागला होता. "ही मुकी जनावरं कुणाच्या हवाली करू?" म्हणून तात्या टाळत होते.

दिवाळीनंतर त्यांनी माझ्यामागं लकडा लावला. "मास्तर, तुमी बी एक टाकी घ्या." मी शाळेतली पोरं सांभाळून दमलेला माणूस. नको म्हणालो, तर त्यांनी माझ्या बायकोला, सुलभाला, पटवलं. टाकी आली आणि मी उत्साहानं पिशवी घेऊन निघालो. तात्या दारात आडवे.

"कुठं चाललाव?"

"मासे आणायला."

"दमानं. आधी पानी मुरू द्या."

वाळू निवळशंख पाणी निघेपर्यंत धुतली. नळाचं पाणी औषधाचा वास जाईस्तोवर बादलीत उघडं ठेवलं. मग तात्यांनी आपल्या कुत्र्यातला मळका स्पंज कापून आमच्या फिल्टरात घातला. मी नाक मुरडलं. "इरजण हाय ते," तात्या म्हणाले. पुढं कित्येक दिवस आम्ही नुसतं पाणी बघत बसलो. पाहुणे यायचे, मासे शोधायचे आणि चहा पिऊन जायचे. शेवटी दोन गप्पी आणायची परवानगी मिळाली.

येळवस आली. त्या दिवशी अख्खं गाव शेतात जेवायला जातं. निघताना सुलभेनं सणाचा घास म्हणून मिसळभाज्यांची भज्जी आणि बाजरीच्या उंड्याचा तुकडा टाकीत सोडला. परत येऊन बघतो तर पाण्याचं आंबील झालेलं, मासे तोंड वर काढून धापा टाकतायत. तात्यांनी उष्टं वेचून काढलं, पाव हिस्सा पाणी बदललं. मी सगळंच ओतायला निघालो होतो.

"दमानं. सगळं काढलं तर मुरलेलं बी जाईल की." मग सुलभेकडं वळून म्हणाले, "पोरी, चिमूटभरच घालत जा. ह्यांना ढेकर देता येत न्हाय."

गप्पी वाचले. तात्या बराच वेळ त्यांच्याकडं बघत बसले. "आता तुमच्या हातून मरायचे न्हाईत," म्हणाले. त्यांचा डाव तेव्हा कुठं माझ्या डोक्यात शिरला.

पुढच्या आठवड्यात मुलगा गाडी घेऊन आला. तात्या आमच्याकडं पिशवीत मासे घेऊन आले आणि तोंड बांधलेली पिशवी तशीच टाकीत तरंगत ठेवली. बाहेर हॉर्न वाजला.

"तात्या, उशीर व्हायलाय," मुलानं गाडीतून हाक दिली.

"दमानं रे." मग पिशवीवरची नजर न काढता मला म्हणाले, "मेंढरं इकली तवा टेम्पो दारात हुता. धरून धरून वर टाकली. नव्या जागंची वळख करून द्यायला येळच न्हाय दिला कुणी. लई वरडत हुती."

तात्यांनी पिशवीचं तोंड सोडलं, टाकीतलं पाणी थोडं थोडं आत घेतलं आणि मग हळूच पिशवी आडवी केली. काळी सगळ्यात शेवटी बाहेर आली. तात्यांनी काठी आमच्या भिंतीला टेकवून ठेवली आणि गाडीत जाऊन बसले.

आता दिवेलागणीला पुण्याहून फोन येतो. "मास्तर, मोजले का?"

"मोजले. काळी धरून सगळे आहेत."

"बरं. जरा कुत्र्यापाशी फोन धरा."

मी फोन फिल्टरजवळ नेतो. तात्या स्वतःहून ठेवेपर्यंत मी तो तसाच धरून उभा राहतो.