गुरुदास परबांची वंशावळ, पोस्ट आरोंदा

एका रविवारी जेवून हात धुता धुता गुरुदास परबांनी ठरवलं, की घराण्याची वंशावळ आता आपणच लिहायची. हात पुसून गुपचूप आडवे झाले असते तर पुढचं सगळं रामायण टळलं असतं. पण मालवणच्या पोस्टातल्या कारकुनाला रविवारची दुपार काही केल्या सरत नाही.

निमित्त होतं लेकीचं. आरोंद्याच्या हरिश्चंद्र परबांच्या सत्यवानाशी दुर्गाचं जवळजवळ जमलं होतं. मुलगा मुंबईला गोदीत नोकरीला, आणि दुर्गाला तो मनापासून आवडलेला. (परबांची सून परबांचीच लेक, म्हणून दचकू नका. वेगवेगळ्या गावचे परब खुशाल सोयरे होतात. एकाच गावचे निघाले तर मात्र भाऊबंद, आणि मग सोयरिकीचं नाव काढायची सोय नाही.) तर व्याह्यांवर जरा छाप पडावी, म्हणून हा घाट.

घोडं अडलं ते गावांच्या नावांवर. एक म्हातारा वाडीचं नाव सांगे, दुसरा मौज्याचं, तिसरा नुसतंच 'त्या वडाकडचा घर' म्हणे. असली अंदाधुंदी गुरुदासांना खपत नसे.

"एकच पद्धत!" त्यांनी बायकोला बजावलं. (कागद समोर आला की ते घरातही पुस्तकी बोलत.) "ज्या पोस्टात टपाल उतरतं, ते गाव. बाकी सगळं झाडझुडूप."

"अवो, पण आपलो गाव आंबेखोल," रुक्मिणी म्हणाली. "थंय पोस्ट खंय आसा?"

"आंबेखोलचं टपाल कुठे येतं? आरोंद्याला. मग आरोंदा!"

झालं! पणजोबा आरोंदा, आजोबा आरोंदा, वडील आरोंदा, इतकंच काय, खुद्द गुरुदासही आरोंदा. सगळे पूर्वज कसे एका रांगेत उभे राहिले. गुरुदासांनी कार्बन घालून प्रती काढल्या आणि पहिली प्रत रजिस्टरने व्याह्यांना धाडली.

आठवडा उलटतोय तोच हरिश्चंद्र परब एस.टी.तून उतरून थेट घरात आले आणि गुरुदासांच्या गळ्यात पडून हमसाहमशी रडायलाच लागले. रुक्मिणी चुलीवर सुरमई तळत होती. ती उलथनं घेऊनच बाहेर आली.

"भावा!" हरिश्चंद्र म्हणाले. "आमच्या पणज्याचो धाकटो भाव रागान घर सोडून गेल्लो. तेच्या वंशाक आम्ही किती सोदलो! आणि तू हंय मालवणात स्टँपा विकतंस!"

"अहो व्याही, तसं नाही..."

"व्याही खंयचो? भाव म्हण! आरोंद्याचे परब ते सगळे एक. लग्नाचा आता विसर. तुझा चेडू म्हणजे आमच्या सत्यवानाची भैण."

आत कपबशी फुटली. दुर्गा मागच्या दाराने परसात पळाली ती माडाला टेकून रडत बसली.

गुरुदासांनी घाम पुसत खुलासा केला, की गाव आंबेखोल, आरोंदा फक्त टपालापुरतं. तशी हरिश्चंद्रांची मुद्रा पालटली. "सरकारी माणसान शाईन लिवल्यान ता खोटा? पोरीचा लगीन जमवूक भावकी लपयतंस? शोभता तुका?" जाता जाता उंबऱ्यावरून त्यांनी आणखी एक ठेवून दिली. "आणि आयक. आमचो थोरलो काको परवा वारलो. तुमकाय सुतक आसा."

रुक्मिणीने कढई उतरवली आणि सुरमई शेजारणीला देऊन टाकली. गुरुदास नाकाने त्या ताटाची कुंपणापर्यंत सोबत करून आले. पण खरा घास अडकला तो दुर्गामुळे. 'बाबा, बाबा' करत दिवसभर मागे असणारी पोर त्यांच्याकडे बघेना. आपल्या हाताने आपण लेकीचं वाटोळं केलं, असं त्यांना वाटायला लागलं.

सकाळी रुक्मिणीने पातळ बदललं. "उठा. आरोंद्याक चला. आणि कागद घेव नकात."

आरोंद्याला हरिश्चंद्रांची आई, माई, ओटीवर सुपारी कातरत बसली होती. वंशावळ तिने बघितलीही नव्हती. तिला वाचता येत नव्हतं.

"कोणाचो रे तू?"

"मी आरों..." गुरुदासांनी तोंड उघडलं. रुक्मिणीने असा चिमटा काढला की पुढचं गाव घशातच राहिलं.

"आंबेखोलच्या गंगाराम परबांचो झील," ती म्हणाली. "आवस म्हायेरची गोंयच्या पेडण्याची."

माईचा अडकित्ता थांबला. "गंगारामाची बायल? पयल्या बाळंतपणाक म्हायेराक चल्लली ती? अगो, आमी खाडी उतरूक एकाच तरीत, एकाच होडयेत होतंव! माझा नवीन लगीन. भर खाडीत तिका कळो येवक लागल्यो. आमी बायलांनी लुगड्यांचो आडोसो केलो आणि ह्यो तरीतच जल्माक इलो!"

"म्हणजे हे आपले न्हय?" हरिश्चंद्रांनी विचारलं.

"न्हय रे मेल्या! आंबेखोलच्या परबांचो देव येगळो, नारळ येगळो. आपणाक तेंचा सोयर ना सुतक. जा, आपला सुतक फिटल्यावरचो मुहूर्त भटजीक इचारून ये!"

हरिश्चंद्र खाली मान घालून भटजींकडे निघाले. गुरुदासांनी माईचे पाय धरले. त्यांचे डोळे भरून आले होते. इथे उठायला हवं होतं. पण कारकून तो कारकूनच!

"माई, एकच शंका. माझं जन्मस्थान मग काय लिहू? अलीकडे आरोंदा, पलीकडे तेव्हा फिरंग्यांचं राज्य. होडी नेमकी कुठल्या अंगाला होती?"

"माका काय ठावक? आमच्या आरडण्यान तरवालो घाबारलो, होडी गरागरा फिरा होती. तुझा डोक्या भायर इला, तेव्हा ता गोव्याच्या बाजूक होता. पाय इले ते आरोंद्याच्या."

रुक्मिणीने सुटकेचा मोठा श्वास सोडला.

"ह्यांचा डोक्या गोव्यात रवला होय!" ती म्हणाली. "आणि मी लगीन झाल्यापास्ना हंय सोदतंय."