न घसरण्याची आकडेवारी

माणूस घसरतो तेव्हा दोष रस्त्याला द्यायचा की चाकाला, हा प्रश्न मानवजातीने कित्येक शतकं लोंबकळत ठेवला होता. आंबेगाव तालुक्यातल्या टेकाडवाडीत तो गेल्या वर्षी कायमचा निकालात निघाला. त्याचं श्रेय आदेश सावळाराम या तरुण बागायतदाराच्या मोटारसायकलला जातं, म्हणून सगळं क्रमानं सांगितलेलं बरं.

टेकाडवाडीतून खाली डांबरी सडकेला लागायचं तर म्हसोबाची उतरण उतरावी लागते. लांबी अडीचशे मीटर. वरच्या अंगाला पाटाचं पाणी झिरपतं. मधल्या वळणावर नारायणगावच्या बाजाराला निघालेल्या टोमॅटोच्या पिकअप हेलपाटतात आणि एखादा क्रेट सांडून पुढे जातात. या दोन्हींचा मिळून खाली जो लगदा साठतो, त्यावरून गाव ये-जा करतं. (लगद्याला गावात ‘सॉस’ म्हणतात. चवीबद्दल मतभेद आहेत, पण बहुतेकांनी ती घेतलेली आहे.) गेल्या सालातली मोजदाद अशी: दुचाकीवरून पडलेले एकोणचाळीस, पायी बावीस, म्हशी चार आणि पाहणीला आलेले साहेब एक. साहेबांनी उठून पँट झटकली आणि ‘रस्ता जवळून पाहिला’ असा शेरा मारला.

आदेशची गाडी मात्र शर्यतीच्या मैदानासाठी जन्माला आलेली. चारशे सीसी, पोटावर पडून चालवायची, ताशी एकशे सत्तर पळणारी. टेकाडवाडीत तिचा सर्वोच्च वेग चौतीस नोंदला गेलाय, तोही कुत्रं मागे लागलं होतं म्हणून. या गाडीवरून आदेश रोज सकाळी उतरणीच्या पायथ्याच्या डेअरीला दूध घालतो. किटली डाव्या अंगाला टांगलेली असते. त्यामुळे सरळ रस्त्यावरही गाडीच्या सेन्सरला आपण डावं वळण घेतोय असंच वाटतं. दोन वर्षं झाली, ती बिचारी एकाच वळणात आहे.

अशा गाडीचं चाक घसरू नये म्हणून तिच्यात ट्रॅक्शन कंट्रोल नावाची सोय असते. चाक रस्ता सोडून नुसतंच फिरायला लागलं की ती इंजिनाची ताकद आवरते. नारायणगावच्या मोहित मेकॅनिकने एक दिवस लॅपटॉपची वायर गाडीच्या पोटात खुपसली आणि याच सोयीचं नवं सॉफ्टवेअर आल्याची बातमी दिली.

“भाऊ, जुन्याला चाक घसरल्यावर कळतं. नव्याला घसरायच्या आधी.”

“आधी कसं कळंल?”

“सेकंदाला शंभर वेळा इचारतं चाकाला, घसरतो का, घसरतो का.”

“आन् चाक खरं सांगतं?”

“त्याला काय पडलंय खोटं बोलायचं. ते काय निवडणुकीला उभं ऱ्हायलंय व्हय.”

किंमत एका दुभत्या शेळीएवढी होती. आदेशने दोन्ही बाजूंनी विचार केला. शेळी दूध देते, करडं देते, लेंडीखत देते. पण शेळीला या सॉफ्टवेअरसारखे आठ मोड नसतात, आणि ती फोनला जोडता येत नाही. सॉफ्टवेअर घातलं.

संध्याकाळी उतरण चढून घरी आल्यावर फोन वाजला. पडद्यावर मजकूर होता: ‘आज तुम्ही सतरा वेळा घसरला नाहीत. अभिनंदन.’

आदेशने ओट्यावर बसून तो दोनदा वाचला. आयुष्यात आपण काय केलं याचा हिशोब लोक सांगतात. जे केलं नाही त्याचा पक्का आकडा, तोही पडद्यावर लेखी, त्या गावात पहिल्यांदाच कुणाला मिळाला होता. त्याने तो आई झुंबरबाईला दाखवला.

“मी तीस वर्सं त्या उतरनीवरनं डोईवर भारा घेऊन येतीया,” झुंबरबाई म्हणाली. “रोज न घसरता. मला कुनी मोजलं का?”

“तुला फोनला जोडता येत न्हाई, आये.”

तिथून आदेशचा मान वाढू लागला. सकाळी लोक रामराम घालायचे सोडून ‘किती झालं राव आज?’ असं विचारू लागले. आकडा स्टेटसला जाऊ लागला. लग्नासाठी फिरणाऱ्या त्याच्या बायोडाटात ‘निर्व्यसनी, बागायत तीन एकर’ यापुढे ‘दररोज सरासरी एकोणीस वेळा घसरत नाही’ अशी भर पडली. दोन ठिकाणांहून लगेच विचारणा आली. (एका पावण्यांनी सरासरी लेखी मागितली.)

आकड्याचा अभ्यास करता आदेशला एक गोष्ट कळली. सॉस जास्त तितकं न घसरणं जास्त. टोमॅटो पडेल भावात गेले त्या आठवड्यात आकडा एकतीसवर पोचला. पुढे उघडीप पडली, उतरण वाळली आणि आकडा सहावर आला. त्या दिवशी आदेशला जेवण गेलं नाही. दुसऱ्या दिवशी त्याने पाटाच्या झिरपत्या तोंडाशी जाऊन पाण्याला फावड्याने थोडं मार्गदर्शन केलं. आकडा पूर्ववत झाला. त्या आठवड्यात सोनीबाईचा पाय मुरगळला आणि जानकूचा बैल बसला, पण त्यांनी सॉफ्टवेअर घेतलेलं नव्हतं.

आदेशची धाकटी बहीण संस्कृती अवसरीच्या इंजिनिअरिंग कॉलेजात शेवटच्या वर्षाला. तिच्याकडे जुनी स्कूटी. स्कूटीचं ट्रॅक्शन कंट्रोल म्हणजे दोन्ही बाजूंनी खाली सोडलेले संस्कृतीचे दोन पाय. ती चार वेळा पडली. चौथ्या वेळी हाताखाली ड्रॉइंगच्या शीट आल्या आणि पंधरा दिवसांच्या कामावर टोमॅटोचं बी उमटलं. तिने उतरण काँक्रीटची करून मागणारा अर्ज लिहिला आणि तो घेऊन चौदा महिन्यांत कचेरीत अकरा खेपा घातल्या. सरकारी कामात सहसा होत नाही ते झालं. काम मंजूर झालं. काँक्रीट, कडेला गटार, वळणाला कठडा. अट एकच, ग्रामसभेत एकही लेखी हरकत नको. नाही आली तर दुसऱ्याच दिवशी लगदा खरवडून कामाला सुरुवात, आली तर काम यादीतल्या पुढच्या गावाला.

ग्रामसभा शुक्रवारी सकाळी अकराला भरली. (ज्यांना गाडी नाही ते त्या वेळी रानात असतात.) ग्रामसेवक सयाजी भाऊसाहेबांनी विषय वाचला, हरकती विचारल्या, आणि आलेला एकमेव कागद चष्मा लावून वाचायला घेतला:

“विषय, उतरण आहे त्या स्थितीत राहणेबाबत. महोदय, वरील विषयास अनुसरून अर्ज करतो की, सदर उतरणीवर अर्जदार दररोज एकोणीस वेळा घसरत नाही. काँक्रीट झाल्यास अर्जदारास घसरण्याची व पर्यायाने न घसरण्याची कोणतीही संधी उरणार नाही. त्यामुळे अर्जदाराने स्वखर्चाने केलेली सुधारणा वाया जाईल. इतर ग्रामस्थांनीही रस्ता सुधारण्याची वाट न पाहता स्वतःस सुधारून घ्यावे. कळावे. आपला विश्वासू, आदेश सावळाराम.”

मग पुढच्या रांगेत माना हलू लागल्या. सरपंचांची गाडी चारही चाकांनी ओढणारी. पतसंस्थेच्या अध्यक्षांची तशीच, वरून काळी. अर्जात तथ्य आहे, असं दोघांनाही वाटलं.

बैलाला घेऊन डॉक्टरकडे निघालेला जानकू दारात थबकला होता. “माझी बैलगाडी हाय. तिला कंचं सॉफ्टवेअर बसंल?”

“बैलाला नाल मार,” आदेश म्हणाला.

संस्कृती उठली. “दादा, सोमवारी नवाला माझं शेवटचं प्रॅक्टिकल हाय. ते चुकलं तर सहा महिने गेले. मी उतरू कशी?”

“तू कशाला काळजी करती? माज्या मागं बस. मी सोडतो. आपल्याला रस्ता लागतोय कशाला?”

“आन् बाकीच्यांनी?”

“बाकीच्यांनी अपडेट घ्यावा,” आदेश म्हणाला. आवाजात काडीचाही दुष्टपणा नव्हता. ज्याची सोय झालीय त्या माणसाचा आवाज असाच मऊ असतो.

हरकत नोंदली गेली. काँक्रीट पुढच्या गावाला गेलं.

सोमवारी आठ वाजता गाडी निघाली. आदेश पोटावर, डाव्या अंगाला किटली, आणि मागच्या वीतभर सीटवर दप्तर धरून संस्कृती. उतरणीवर सॉस ताजा होता. सॉफ्टवेअर अप्रतिम चाललं. दिवा लुकलुकला, इंजिन आवरलं गेलं, चाक वाकडं व्हायच्या आधीच सरळ झालं. जन्मात इतकी सुखरूप कुणी ही उतरण उतरलं नसेल, हे संस्कृतीलाही मनातल्या मनात कबूल करावं लागलं.

पायथ्याला डेअरीच्या दारात आदेशने गाडी थांबवली. वेग शून्य. डावा पाय खाली टेकवला, तो नेमका लगद्यावर. पायात चप्पल होती. चपलेत सेन्सर नसतो. पाय गेला, पायामागे किटली, किटलीमागे गाडी आणि गाडीमागे भाऊबहीण. दोन वर्षं गाडीला जे डावं वळण भासत होतं, ते एकदाचं आलं.

उभ्या गाडीचं पडणं सॉफ्टवेअरच्या अखत्यारीत येत नाही. दुधात पडलेला फोन वाजला: ‘आज तुम्ही तेवीस वेळा घसरला नाहीत. अभिनंदन.’

संस्कृती जीपने कॉलेजात पोचली. अंगावर दूध, दुधावर टोमॅटो, उजवं मनगट सुजून कणसाएवढं. परीक्षकांनी तिला खुर्ची दिली, पाणी दिलं आणि पुढच्या सत्रात बसा म्हणाले. चिठ्ठीत तिला प्रयोग आला होता तो घर्षणाचा. आदेशला फार वाईट वाटलं. त्याने त्याच संध्याकाळी मोहितला फोन लावला आणि उभ्या गाडीसाठीचं व्हर्जन कधी येतंय ते विचारलं.

तर अपडेट घेणं परवडतं का? परवडतं. रस्ता तसाच ठेवण्याची हमी असेल तर फारच परवडतं.

तुम्ही आदेशला हसलात ते बरं केलंत. आता जरा आठवून बघा. घरात पाण्याचा फिल्टर बसल्यापासून नळाच्या गढूळ पाण्याबद्दल तुम्ही किती अर्ज केले? इन्व्हर्टर आल्यापासून लाइट गेलेली तुम्हाला कळते तरी का? पोरं पिवळ्या बसने जायला लागल्यापासून गावच्या शाळेचं छप्पर कुठून गळतं, सांगता येईल? आदेश अडाणी. त्याने हरकत कागदावर लिहिली, खाली नाव घातलं आणि सापडला. तुम्ही शिकलेले. तुम्ही सही कुठंच केलेली नाही.