पिशोरचे तिळे

तिकीट या विषयात मला कुणी शिकवायला येऊ नये, हे आधीच सांगून ठेवतो. मराठवाड्यातल्या आमच्या शहराला लागून सातारा परिसर आहे; तिथल्या आमच्या कॉलनीत पाणी टँकरचं आहे, रस्ता मुरमाचा आहे, पण तत्काळचं तिकीट मात्र हमखास मिळतं. कारण ते मी काढतो! दहा वाजायच्या आत आजूबाजूच्या इमारतींतली मंडळी माझ्या सोफ्यावर येऊन बसतात, बायको चहा करून वैतागते आणि मी बोटं मोडून कंप्युटरपुढे सरसावतो. आजवर माझ्या हातून एकही माणूस वेटिंगवर गेलेला नाही. जे गेले ते त्यांच्या नशिबाने गेले.

म्हणून प्रांजलीचा चीनहून फोन आला तेव्हा मी तिला वाक्यसुद्धा पुरं करू दिलं नाही.

प्रांजली ही माझी भाची, थोरली बहीण राजाबाई, म्हणजे आक्का, हिची एकुलती एक लेक. पिशोर गावच्या मेंढपाळाच्या घरातली ही पोर चीनला डॉक्टरकी शिकायला गेली आणि शिकून पुरी झाली. २०१९च्या जूनअखेर तिचा पदवीदानाचा कार्यक्रम होता. आक्का, आमचे दाजी कडूबा आणि दाजींचा धाकटा भाऊ हनुमान असे तिघं जाणार होते. पासपोर्ट झाले, व्हिसा झाला, विमानही ठरलं. राहिली होती ती फक्त तिथली रेल्वे. विमान उतरणार मोठ्या शहरात, तिचं विद्यापीठ तिथून अर्ध्या दिवसाच्या अंतरावर. त्या आठवड्यात तिकडे गर्दी फार, वेळेत पोचवणारी गाडी एकच, आणि तिच्या जागा भराभर संपत होत्या. ती गाडी चुकली की कार्यक्रम चुकला.

मी काढते मामा, इथून सोपं पडेल, असं काहीतरी प्रांजली म्हणत होती.

“तू पेशंट बघ,” मी म्हणालो. “तिकिटं मामा बघतो.”

त्या वर्षी पिशोरकडे गवताची काडी उरली नव्हती. दाजींनी आपली मेंढरं पैठणच्या खालच्या अंगाला पाहुण्यांच्या कळपात घातली आणि तिघं आमच्याकडे राहायला आले. संध्याकाळी गच्चीवर बसून ते शहर बघायचे. जिकडे तिकडे नव्या इमारती उठत होत्या. एवढी माणसं पाणी कुठून पितात, असं हनुमानभाऊंनी मला विचारलं, तेव्हा मी विषय बदलला.

तर मी कंप्युटरपुढे बसलो. सोफ्यावर तिघं रांगेत बसले. तिकिटं विकणाऱ्या त्या वेबसाइटला आधी परदेशी पासपोर्टांची पडताळणी हवी होती. आपला निळा पासपोर्ट तिच्या दृष्टीने परदेशी, ही गोष्ट दाजींना काही केल्या पटेना. मी दाजींच्या पासपोर्टाचा फोटो चढवला. हिरवी खूण आली. मी मागे वळून सगळ्यांकडे एकदा बघून घेतलं. मग हनुमानभाऊंचा चढवला. लाल खूण! हा प्रवासी आधीच नोंदवलेला दिसतो, असा संदेश आला.

आडनाव एक, जन्मगाव एक, जन्मतारीख एक. एक जून. सालसुद्धा तेच.

आता एक जूनचा महिमा आपल्याकडे कुणाला सांगायला नको, तरी सांगतो. शाळेत नाव घालताना गुरुजी विचारायचे, पोर कधी जन्मलं? आई म्हणायची, बाजरी सोंगायला आली होती. गुरुजी पोराला वरपासून खालपर्यंत बघायचे, सहाचं दिसतंय म्हणायचे आणि एक जून लिहून मोकळे व्हायचे. दाजी मेंढरांमागे हिंडत राहिले, त्यामुळे उशिरा शाळेत आले. त्यांच्यापेक्षा चांगला तीन वर्षांनी लहान हनुमान त्याच दिवशी त्यांच्या मागून आला. गुरुजींनी दोघांना एकाच दिवशी जन्माला घातलं. आपल्या पासपोर्ट कचेरीत एक जून बघून कुणी मानसुद्धा वर करत नाही. अर्धा मराठवाडाच त्या दिवशी जन्मलेला!

पण ही वेबसाइट मराठवाड्यातली नव्हती. कोपऱ्यात एक खिडकी उघडली आणि पलीकडून कुणीतरी इंग्रजीत विचारलं, ही दोन्ही माणसं एकच आहेत का? मी लिहिलं, नाही. मग जुळे आहेत का?

इथे खरं सांगायचं तर गुरुजी आणि बाजरी दोघांनाही इंग्रजीत घालावं लागलं असतं. माझं इंग्रजी तिकिटापुरतं आहे. मी लिहिलं, होय, जुळे.

हिरवी खूण! मी खुर्चीत रेलून बसलो आणि चहा मागवला. मग आक्काचा पासपोर्ट चढवला.

लाल खूण. आक्काचं सासर आणि माहेर दोन्ही पिशोरच. शाळा तीच, गुरुजी तेच, भरतीचा दिवसही तोच. खिडकीतून पुन्हा प्रश्न आला, आणि या बाई? माणसाचा हात एकदा चालायला लागला की थांबत नाही. मी लिहून टाकलं, तिळे!

तिसरी हिरवी खूण आली आणि मला स्वतःविषयी फार बरं वाटलं. तेवढ्यात त्यांनी पासपोर्टांचं शेवटचं पान मागितलं. मीही उत्साहाने पाठवलं. त्या पानावर आईबापाचं आणि नवऱ्याबायकोचं नाव असतं, हे मला पाठवल्यावर आठवलं.

थोड्या वेळाने उत्तर आलं. त्याचा मराठीत अर्थ असा होतो: आपले खाते थांबवण्यात आले आहे. आपण दिलेल्या माहितीनुसार प्रवासी क्रमांक एक आणि प्रवासी क्रमांक तीन ही सख्खी भावंडे असून एकमेकांचे पती-पत्नीही आहेत. कृपया खुलासा करावा.

मी खुलासा केला. तिळे नाहीत, नवरा, बायको आणि दीर आहेत, असं लिहिलं. मग तारीख एक कशी, असं त्यांनी विचारलं. योगायोग, असं मी लिहिलं. मग फर्मान आलं. उद्या सकाळी व्हिडिओवर तिन्ही प्रवासी एकत्र, पासपोर्ट चेहऱ्याशेजारी धरून, आणि खातं ज्याचं आहे त्यानेही ओळखपत्र घेऊन हजर राहायचं. तोवर तिकीट नाही.

हे सोफ्यावर सांगायचं कसं? मी आडून आडून सांगितलं. हनुमानभाऊ खूश झाले. थोरल्या भावाच्या बरोबरीचं होण्याची त्यांची लहानपणापासूनची इच्छा होती. दाजी नुसते मिशीत हसत राहिले. आक्का मात्र माझ्याकडे टक लावून बघत होती.

“मेल्या, माझ्या नवऱ्याची मला भईण केली व्हय?”

मी म्हणालो, आक्का, तांत्रिक अडचण आहे. रात्री ती जेवायला बसली आणि भाकरी नुसतीच चिवडत राहिली. शेवटी तिने हळूच विचारलं, “पर तिकीट मिळंल ना रं? पोरीच्या अंगावर त्यो काळा डगला बघायचाय मला. बाकी काय नाय.”

आजवर तिकीट हुकलं तर माणूस लग्नाला उशिरा पोचायचा, इतकंच. हे तसलं काम नव्हतं. या बाईने उभा जन्म उन्हात मेंढरांमागे काढला आणि लेकीला कधी काठी हातात धरू दिली नाही. मी तिकीट काढतो म्हणून मिरवतो. आक्का कशाचंच मिरवत नाही. मला तिचा फार अभिमान वाटतो आणि तेव्हा तर लाजही वाटली.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही कंप्युटरपुढे बसलो. पडद्यावर एक चिनी मुलगी आली, कॉलेजातून नुकतीच बाहेर पडलेली दिसत होती, पण चेहरा न्यायाधीशाचा. प्रांजलीला दुसऱ्या फोनवर घेतलं होतं, इकडचं तिकडे सांगायला. मुलीने पासपोर्ट धरायला सांगितलं. आक्का आणि दाजींनी गालाला लावून धरले.

आणि खाली टँकर आला!

चार दिवसांनी येणारा टँकर. अख्ख्या कॉलनीत भांडी वाजू लागली. हनुमानभाऊ सवयीने उठले आणि हंडे घेऊन जिना उतरलेसुद्धा. मुलीने विचारलं, प्रवासी क्रमांक दोन कुठे आहेत? पाण्याला गेलेत, असं प्रांजलीने सांगितलं. तिघं एका चौकटीत दिसल्याशिवाय पुढे जाता येणार नाही, असं मुलगी म्हणाली. खालून बायकोच्या हाका येत होत्या, पाइप धरायला माणूस पाहिजे म्हणून. आणि हनुमानभाऊ पाइप सोडायला तयार नव्हते.

आक्का गॅलरीत गेली. “भाऊजी, राहू द्या पाणी. वर या.”

राहू द्या पाणी! दुष्काळात, पिशोरच्या बाईच्या तोंडून! खाली पाइपसाठी भांडणारी माणसंसुद्धा माना वर करून बघायला लागली. हनुमानभाऊ ओलेचिंब वर आले आणि अंगठ्या-बोटांत पासपोर्ट धरून चौकटीत बसले. मुलीने सहा फुटी दाजींकडे बघितलं, त्यांच्या खांद्याला लागणाऱ्या हनुमानभाऊंकडे बघितलं आणि विचारलं, यांना तिळे कसं लिहिलं?

मी घसा साफ केला. ॲक्चुअली मॅडम, असं म्हणालो.

“तू गप,” आक्का म्हणाली. मग फोन जवळ ओढून घेतला. “प्रांजे, मी बोलते तसं सांग तिला. मधी काय घालू नको.”

आणि ती बोलायला लागली. “आमी तिघं कवा जन्मलो ते कुणी लिवलं नाय. माझी माय म्हणायची, लोकर कातरायचे दिस व्हते. शाळंत गुरुजीनं एक जून टाकली. ह्यांची बी तीच अन् भाऊजींची बी तीच. खोटं आमी नाय बोललो, आमाला खरं ठावंच नाय. पर ही जी तुझ्या भाषेत सांगतीया ना, तिचा दिस मला ठाव हाय. आठ ऑगस्ट, मंगळवार, पहाटं. रानात, मेंढरांच्या वाड्यावर झाली. दोन दिसांनी तिला पदराखाली घेऊन पिशोरच्या पंचायतीत चालत गेले, जन्म लिवायला. बाबू म्हणला, घाई काय, शाळंत घालताना लिवतील. मी दारातच बसले. म्हणलं, आमचं झालं ते झालं. माझ्या लेकीला तिचा दिस पायजे. लिवल्याबिगर उठत नाय.”

प्रांजली चिनीत सांगायचं सोडून म्हणाली, “आई, हे तू मला कधी सांगितलं नाहीस.”

“त्यात सांगायचं काय? पुढं सांग तिला.”

प्रांजलीने सांगितलं. मध्येच थांबत, नाक ओढत, पण सगळं सांगितलं. चिनीतलं मला एक अक्षर कळलं नाही, तरी माझे डोळे भरून आले. दाजी छताकडे बघत होते. ती मुलगी ऐकत राहिली. आक्काचा पासपोर्ट अजून गालाला लावलेलाच होता. मुलीने तिला तो खाली ठेवायची खूण केली, कळफलकावर काही बडवलं आणि माझ्या पडद्यावर एकापाठोपाठ एक तीन हिरव्या खुणा आल्या. गाडीत जागा होत्या. तिघांना शेजारी शेजारी मिळाल्या.

मी तिकिटाचं बटण दाबायला हात पुढे केला, तशी ती मुलगी पुन्हा बोलली. खातेदाराची ओळख तेवढी राहिली होती. मी रुबाबात आधार कार्ड कॅमेऱ्यापुढे धरलं. तिने वाचलं. पुन्हा वाचलं. मग इतक्या वेळात पहिल्यांदाच तिचा चेहरा हलला आणि ती प्रांजलीशी काहीतरी बोलली.

मला हसू दाबल्याचा आवाज आला. “मामा, तुमची पण एक जून आहे. ती विचारतेय, तुम्ही चौथे का?”

मी तोंड उघडायच्या आत आक्का पुढे झाली.

“सांग तिला, ह्यो मात्र माझा सख्खा भाऊ हाय. पर ह्याच्या बोलण्यावर इस्वास ठिवू नको.”

प्रांजलीने ते लगेच सांगून टाकलं. त्या मुलीने गंभीरपणे मान डोलावली आणि माझ्या खात्यात काहीतरी लिहून घेतलं. बहुधा तेच असावं.