जळक्या नानकटाईचा पुरावा

"पुरावा काय?" हा प्रश्न राजानंद हायडेलबर्गच्या प्रयोगशाळेत दिवसभर विचारायचा आणि उरलासुरला घरी आणायचा. त्या रविवारी तो लेकीच्या, उत्कर्षाच्या, वाट्याला आला.

तिच्या वर्गात इंग्लंड-सप्ताह चालू होता. प्रत्येकानं एकेक राजा नाहीतर राणी निवडून सोमवारी रेफेराट, म्हणजे वर्गापुढे भाषण, द्यायचं होतं. चौथीचं वर्ष, पोरगी गिम्नाझियमला, म्हणजे पुढे विद्यापीठाकडे नेणाऱ्या शाळेत, जाणार की नाही, ते याच वर्षीच्या मार्कांवर ठरणार. उत्कर्षाकडे आल्फ्रेड राजा होता. शत्रूपासून पळून तो एका गरीब बाईच्या झोपडीत लपतो. बाई त्याला चुलीवरच्या केककडे लक्ष ठेवायला सांगते. राजा लढाईच्या विचारात गढतो, केक जळतात, आणि बाई त्याला न ओळखता यथेच्छ झापते. एवढं सांगून उत्कर्षा आईच्या, अरुणाच्या, हातची नानकटाई वर्गात वाटणार होती.

"भाकडकथा आहे ती," राजानंद म्हणाला. "राजाच्या पदरी असलेल्या पाद्र्यानं त्याचं चरित्र लिहिलंय. त्यात केकचा क नाही. ही गोष्ट उगवली शंभरेक वर्षांनी."

"आबर पापा, पण सगळ्यांना तीच आवडते."

"आवडते म्हणून खरी? माझी मुलगी गिम्नाझियमला जाईल तर पुराव्यानिशी जाईल!"

"हे बघा, पुरावेवाले," अरुणा बूट घालता घालता म्हणाली, "मी मैत्रिणीकडे, क्रांतीकडे, तिचे डबे देऊन येते. ट्रे ओव्हनमध्ये आहे. कडा गुलाबी झाल्या की लगेच बाहेर काढ. तूप संपलंय आणि आज रविवार, दुकानं बंद. दुसरा ट्रे होणार नाही. कळलं?"

"गेनाऊ, अगदी बरोबर," लॅपटॉपवरून मान न उचलता राजानंद म्हणाला.

मग त्यानं ओव्हनकडे पाठ करून लेकीला मूळ साधनं आणि मागाहून घुसडलेला मजकूर यांतला फरक समजावायला घेतला. घुसडलेल्या मजकुरापर्यंत पोचताच उत्कर्षानं नाक वर केलं.

"पापा, वास येतोय."

"विषय बदलू नकोस."

"पापा, धूर!"

"एकच मुद्दा राहिलाय."

तो मुद्दा राहिलाच, कारण दारावर धपाधप थापा पडल्या. समोरच्या शेजारीणबाई फ्राऊ लांगे ओला टॉवेल घेऊन उभ्या होत्या. "हेर डॉक्टर, तुमचं काहीतरी जळतंय!" म्हणत त्या आत घुसल्या आणि त्यांनी ओव्हन बंद केला. ट्रेमध्ये कोळशाच्या चकत्या ओळीनं बसल्या होत्या.

तेवढ्यात अरुणा आली. तिनं ट्रे पाहिला, नवरा पाहिला.

"खायला बरोबर पहिला येतोस! बघायला तेवढे डोळे नाहीत? इतकी हुशार माणसं पोसते ही जर्मनी, एकाला तरी कडा गुलाबी झालेल्या कळतात का?"

उत्कर्षा भराभर लिहून घेत होती.

"अगं, मी तिला पटवत होतो की असं काही घडलेलंच—" राजानंद थांबला.

सोमवारी उत्कर्षा तोच ट्रे घेऊन शाळेत गेली आणि संध्याकाळी पहिला नंबर घेऊन आली.

"मी खरं तेच सांगितलं," ती म्हणाली. "आल्फ्रेडनं केक जाळल्याचा पुरावा नाही. पापानं जाळल्याचा आहे. मग ट्रे फिरवला."

"आणि तो पुरावा?"

"संपला. काळं खरवडून खाल्लं सगळ्यांनी."

गिम्नाझियम पक्कं झालं म्हणून राजानंदनं तो अपमान गिळला. पण महिन्याभरानं फ्रँकफर्टच्या मराठी स्नेहमेळाव्यात, जेवणाच्या रांगेत, पुढचे एक शशिकांत नावाचे गृहस्थ रंगात येऊन सांगत होते, "हायडेलबर्गला एका मराठी शास्त्रज्ञानं अख्खं स्वयंपाकघर पेटवलं! तीन बंब आले. शिडी लावून बायको-पोरीला खाली उतरवलं म्हणे."

राजानंदनं प्लेट ठेवली. इतिहासाची अशी मोडतोड तो उघड्या डोळ्यांनी बघणार नव्हता.

"साफ खोटं. बंब आला नाही, शिडी लागली नाही. एक ट्रे जळला, आणि शेजारीण टॉवेल घेऊन आली. बस्स."

"असं?" शशिकांतनी त्याला आपादमस्तक न्याहाळलं. "पुरावा काय?"

राजानंदनं आशेनं अरुणाकडे पाहिलं.

"मी तेव्हा घरी नव्हते," अरुणा म्हणाली आणि तिनं शांतपणे भात वाढून घेतला.