दुसऱ्या रांगेतला अंबाडा

"थांबा, थांबा, मागे घ्या!" सुनेत्राबाई पिठाच्या हातांनीच स्वयंपाकघरातून बाहेर आल्या. "आत्ता गेली बघा!"

राजाभाऊंनी रिमोट दाबला. टीव्हीवर अमेरिकेच्या यादवी युद्धावर बोलणारे गृहस्थ उलटे हातवारे करत मागे मागे गेले आणि श्रोत्यांची दुसरी रांग पडद्यावर आली. राजाभाऊ उठून टीव्हीला नाक टेकेल इतके जवळ गेले.

"आहे. अंबाड्यात पेन्सिलही आहे."

"वाळलीय हो."

"पाठमोरी दिसतेय ती. त्यावरून काय कळतंय तुला?"

"मानेवरून कळतं," असं म्हणून सुनेत्राबाई डोळे पुसत तव्यावरच्या पोळीकडे गेल्या.

शारजातल्या रोल्ला भागातल्या त्या फ्लॅटमध्ये दोन महिने हेच चाललं होतं. त्यांची एकुलती एक आभा फिलाडेल्फियात नोकरीला होती. तीन वर्षांत ती आली नव्हती. आली असती तर परत जाण्यासाठी व्हिसाचा शिक्का लागला असता आणि शिक्क्याची तारीख मिळत नव्हती. राजाभाऊ-सुनेत्राबाईंनी तिकडे जायचं म्हटलं तर त्यांच्या मुलाखतीची तारीख आणखीच लांबची. उरला फोन. तोही ऑफिसला जाता-जाता केलेला, नुसत्या आवाजाचा. "बाबा, ट्रेन आली, ठेवते" हे त्यातलं सगळ्यांत लांब वाक्य.

अशाच एका फोनमध्ये ती म्हणाली होती, की घराजवळच्या जुन्या वाचनालयात शनिवारी इतिहासावर भाषणं असतात, टीव्हीवाले येऊन ती टिपून नेतात, मी गेले होते. राजाभाऊंनी तेवढंच धरलं. तो चॅनेल शोधला, लॅपटॉप टीव्हीला जोडला आणि दुसऱ्याच भाषणात त्यांना आभा घालते तसा, पेन्सिल खोचलेला तो अंबाडा दिसला.

तेव्हापासून एकही भाषण सुटलं नव्हतं. कालवे, रेल्वे, गुलामगिरी, चहाची खोकी समुद्रात टाकणारे बोस्टनकर, राजाभाऊ सगळं बघत. वक्त्यांवर मात्र त्यांचा मनापासून राग होता. हा माणूस मध्ये उभा राहतो म्हणूनच श्रोते दिसत नाहीत, असं त्यांचं ठाम मत झालं होतं. भाषण रंगलं की ते अस्वस्थ होत आणि टाळ्या सुरू झाल्या की खुर्चीच्या कडेवर येत, कारण कॅमेरा वळायचा तो तेव्हाच.

हे आभाला सांगायची सोय नव्हती. आईने एकदा तिच्या मैत्रिणीला परस्पर फोन करून चौकशी केली, तेव्हा "माझ्यावर पाळत ठेवू नका" असं तिने बजावलं होतं. आणि इथल्या लोकांनाही सांगायची सोय नव्हती. मुलांच्या आठवणीने व्याकूळ झालेल्या तमाम आईबापांना राजाभाऊच समजावत असत, "पिल्लू उडालं की घरट्याने त्याच्या मागे धावायचं नसतं!" शारजात हे वाक्य त्यांच्याच नावावर जमा होतं.

त्या दिवशी ते भिंगाने टीव्ही बघत असताना शेजारचे हनीफ परकार सांदणांची ताटली घेऊन आत आले. हनीफभाई मूळचे रत्नागिरीचे. रोल्ल्यात त्यांचं पडद्यांच्या कापडाचं दुकान होतं आणि मराठी मंडळाचे ते कार्यवाह होते.

"काय बघताय ओ एवढं?"

राजाभाऊंनी भिंग पाठीमागे लपवलं. "हे... अमेरिकेचा इतिहास. छंद आहे जुना."

"मला माहितीय! दोन महिने भिंतीतून ऐकतोय मी. एकेक वाक्य चार-चार वेळा मागे नेऊन ऐकता तुम्ही. एवढा अभ्यास मी दहावीलाही नाही केला." हनीफभाई सोफ्यावर बसले. "आता नाही म्हणू नका. शनिवारच्या व्याख्यानाला पुण्याहून येणारा माणूस आजारी पडलाय. हॉल बुक आहे, समोशांची ऑर्डर गेलीय. यल्ला, चला, तुम्ही बोला!"

"मी? अहो, मला काही..."

"विनय बघा वहिनी यांचा!" हनीफभाई उठलेसुद्धा.

ते स्वतःच्या घरात पोचायच्या आत मंडळाच्या ग्रुपवर राजाभाऊंचा फोटो झळकला. खाली लिहिलं होतं, 'अमेरिकन इतिहासाचे गाढे अभ्यासक'. लगेच अभिनंदनाचे अंगठे येऊ लागले. राजाभाऊंच्या ऑफिसातल्या मॅनेजरनेही फॅमिलीसकट येणार असल्याचं कळवलं.

"खरं सांगून टाका," सुनेत्राबाई म्हणाल्या.

"काय सांगू? घरटं दोन महिने पिल्लाच्या मागे धावतंय म्हणून?"

मग अभ्यास सुरू झाला. राजाभाऊंच्या लक्षात आलं, की इतकी भाषणं बघूनही आपल्याला भाषणातलं अक्षर माहीत नाही. पुन्हा सगळी लावली तर नजर परत श्रोत्यांवरच जायची. शेवटी सुनेत्राबाईंनी त्यांना टीव्हीकडे पाठ करून बसवलं आणि हातात वही दिली. तरी टाळ्या वाजल्या की त्यांची मान आपोआप गर्रकन मागे वळायची. शुक्रवारपर्यंत मान अवघडली आणि वहीत लिंकन, कालवा आणि चहा यांचा काला झाला.

शनिवारी संध्याकाळी हॉल भरला. हनीफभाईंनी हौसेने प्रोजेक्टर लावला होता आणि त्यावर वाचनालयातलं एक भाषण आवाज बंद करून चालू ठेवलं होतं. वातावरणनिर्मिती म्हणून.

राजाभाऊंनी अवघडलेल्या मानेने नमस्कार केला. "अमेरिका हा एक मोठा देश आहे," त्यांनी सुरुवात केली. ते सगळ्यांना पटलं. पुढे बोस्टनचा चहा त्यांनी कालव्यात बुडवला आणि तो वाचवायला लिंकनना पाठवलं. तेवढ्यात पहिल्या रांगेतल्या ओवीने हात वर केला. ती मॅनेजरसाहेबांची मुलगी.

"अंकल, हू वॉज प्रेसिडेंट बिफोर लिंकन?"

"लिंकनच्या आधी..." राजाभाऊ घोटभर पाणी प्यायले. "आधी परिस्थिती फार वाईट होती."

"इट वॉज ब्यूकॅनन," ओवी म्हणाली आणि समोसा खाऊ लागली.

हॉलमध्ये खसखस पिकली. राजाभाऊंच्या कपाळावर घाम आला. आता काय बोलावं या विचाराने त्यांनी मागे पडद्याकडे पाहिलं. तिथे टाळ्या चालू होत्या, कॅमेरा श्रोत्यांवरून फिरत होता आणि ओळखीची माणसं दिसल्यावर त्यांना एकदम हायसं वाटलं.

"हे बघा, हे आजोबा," ते म्हणाले. "कानाला यंत्र आहे. भाषण कशावरही असो, हे एकच प्रश्न विचारतात, 'पण तेव्हा शेतकऱ्यांचं काय झालं?' ही त्यांच्या बाजूची बाई. भाषणभर स्वेटर विणते. कालव्यांच्या वेळी पाठ झाली होती, रेल्वे आली तेव्हा बाह्या. हा दाढीवाला एकटाच येतो आणि शेजारच्या खुर्चीवर कोट ठेवतो, कुणीतरी येणार असल्यासारखा. कुणी येत नाही."

खसखस थांबली. लोक पुढे सरकून ऐकू लागले. दुबई मरीनाहून आलेल्या एका बाईंनी विचारलं, "आणि ती पेन्सिलवाली?"

राजाभाऊ पडद्याकडे वळले. त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला.

"आमची आभा आहे ती!" मागच्या रांगेतून सुनेत्राबाई म्हणाल्या. "तिलाच बघतात हे. इतिहासबितिहास काही येत नाही यांना."

मग सगळेच बोलायला लागले. कुणाचा मुलगा टोरंटोत होता, कुणाची लेक मेलबर्नला. "व्हॉट्सॲपवर शेवटचं कधी दिसला ते मी रोज बघते," एक बाई म्हणाल्या. समोसे तसेच राहिले. हनीफभाई डोळे पुसत ओरडले, "वहिनी, लावा फोन तिला! तिकडे सकाळच आहे. सगळे हॅलो म्हणू!"

कधी नव्हे ते पहिल्याच घंटेला फोन उचलला गेला. आभा उठून बसलेली होती आणि आज व्हिडिओही लागला. सुनेत्राबाईंनी आनंदाने फोन पडद्यासमोर धरला. "बघ गं, तू! इथे आम्ही सगळे तुलाच बघतोय!"

"कुठे?"

"ती काय, दुसऱ्या रांगेत! अंबाडा!"

"आई, ती मी नाहीये."

सुनेत्राबाईंनी फोन स्वतःकडे वळवला आणि त्या खाली बसल्या. आभाचे केस कानापर्यंत कापलेले होते.

"केस कापून तीन महिने झाले. तू रडली असतीस म्हणून नाही सांगितलं. आणि तिथे मी एकदाच गेले होते गं. बाहेर बर्फ होता आणि आत कॉफी फुकट होती."

सगळ्या हॉलने हे ऐकलं. राजाभाऊ पडद्यावरच्या त्या पाठमोऱ्या मुलीकडे बघत उभे राहिले. दोन महिने तिच्या मानेची काळजी केली होती. मागच्या आठवड्यात ती आली नाही तेव्हा त्यांनी जेवण अर्धं सोडलं होतं.

"मग ही कोण?" त्यांनी विचारलं.

"मला काय माहीत, बाबा?" आभा हसली आणि मग हसायची थांबली. "तुम्ही दर आठवड्याला हे बघत होता?"

"अगं, विषय चांगले असतात," राजाभाऊ म्हणाले. घसा खाकरून पुढे म्हणाले, "कालवे वगैरे."

आज मात्र ट्रेन आली असं ती म्हणाली नाही.

"पुढच्या शनिवारी जाते मी," शेवटी ती म्हणाली. "पहिल्या रांगेत बसते. नीट बघा."

ते भाषण रविवारी दुपारी लागलं. हनीफभाई आणि त्यांची बायको नबिला आधीच येऊन बसले होते. विषय होता जुन्या अमेरिकेतली टपाल व्यवस्था. वक्ता दमदार होता, हातवारे करून बोलत होता. राजाभाऊ खुर्चीच्या कडेवर होते. अर्धं भाषण झालं आणि कॅमेरा वळला.

"ती बघा!" सुनेत्राबाई ओरडल्या.

पहिल्या रांगेत अगदी मधोमध, आखूड केसांची आभा बसली होती. कोट गळ्यापर्यंत ओढलेला, मान एका खांद्यावर कललेली, तोंड किंचित उघडं. गाढ झोपली होती.

"अरे, झोपली काय!" हनीफभाई उसळले. "उठवा ओ तिला कुणीतरी!"

"असू दे," सुनेत्राबाई म्हणाल्या. "आठवडाभर राबत असते पोर."

राजाभाऊंनी चित्र तिथेच थांबवलं, मनसोक्त पाहिलं, पुन्हा चालू केलं. वक्ता आता आवाज चढवून शेवटाकडे निघाला होता. टाळ्या पडायच्या बेतात होत्या. राजाभाऊंनी घाईघाईने रिमोट उचलला आणि टीव्हीचा आवाज बंद करून टाकला.