अप्पा कंपाउंडर आणि बंद झालेली गोळी

लग्नाच्या पंगतीत शेजारच्या अनोळखी माणसाचा हात धरून "बाही वर घ्या बघू" म्हणणारा माणूस लातुरात एकच होता, माझ्या दवाखान्यातले कंपाउंडर बसलिंगप्पा. एकदा नवरदेवाच्या वडिलांना वाटलं, हा भांडण काढतोय. अप्पा फक्त कातडीखालचे निळे डाग शोधत होते.

ज्यांच्या हृदयाचे ठोके बेताल पडतात, त्यांच्या रक्तात गुठळी होते. ती मेंदूत गेली की लकवा. म्हणून आम्ही रक्त पातळ करायची गोळी देत असू. पण फार पातळ झालं तर कातडीखाली निळे डाग उमटतात, रक्त वाहायचं थांबत नाही. कोणाला किती धोका, हे मी खुर्चीत बसून ठरवी. अप्पा घरी जाऊन: कुठे पडेल, कुठे कापेल, कुठल्या दुसऱ्या गोळीनं रक्तस्राव वाढेल. उंबरा वितीनं मोजत, खाटेचा पाय हलवून बघत, "गुडघ्याची गोळी कुठल्या दुकानातून आणता?" असं आडून विचारत. ते गल्लीत शिरले की म्हातारे दाढीची पाती लपवत.

नवा जिल्हा झाला त्या सुमाराचा दुष्काळ. "कलेक्टर आला साहेब, पाणी कधी येतंय?" अप्पा म्हणत. माझी पेशंट काशीबाई, एकटी म्हातारी, टँकरच्या रेटारेटीत दोनदा पडली. डोक्यात रक्तस्राव झाला तर? मी घाबरून गोळी बंद केली.

"गोळी कशाला बंद करता साहेब? पडणं बंद करू की."

"ते कसं करणार?"

"मावशीचं मी बघतो."

मी हसलो.

दोन महिन्यांनी तिची उजवी बाजू गेली. मुलगा मुदखेडहून आला. "गोळी कुणी बंद केली?"

"कंपाउंडरची चूक झाली," मी म्हणालो.

अप्पांनी माझ्याकडे पाहिलं. "हाव, माझीच," म्हणाले. गावात बोभाटा झाला आणि अप्पांनी दवाखाना सोडला.

काही दिवसांनी मी काशीबाईला बघायला गेलो. दारात अप्पा, खांद्यावर घागर. मला वाटलं, लकव्यानंतर येऊ लागले असतील. काशीबाईची जीभ जड झाली होती, पण शब्द कळले. "गोळी बंद झाली त्या दिसापासून पाणी आणतेत. मग मी टँकरवर गेलेच न्हाई."

ज्या पडण्याला मी भ्यालो, ते कधीच थांबलं होतं. ती अजून पडते का, गोळी पुन्हा सुरू करावी का, हे मी विचारलंच नाही.

मुलगा आतच होता. तेव्हाही माझं तोंड उघडलं नाही. आज लिहितो: गोळी मी बंद केली होती.

अप्पांनी रांजणात घागर रिकामी केली, भांडं भरून तिच्या ओठांपाशी नेलं.

"साहेब," ते म्हणाले, "मावशीचं डोकं जरा धरा."